वजन अंगावर असताना

पाण्याच्या टाकीखालच्या वळणावर, ऐन मध्यात, बाईंच्या पायाने ब्रेक दाबला. बाईंनी नव्हे, पायाने. बाईंना ते नंतर कळलं, आपलंच बोलणं दुसऱ्या खोलीतून ऐकू यावं तसं. गाडीचा मागचा भाग आधी खाली बसला, मग बाहेरच्या अंगाला कलला, एक पाय आखूड असलेल्या स्टुलावर बसताना पोटात जसं होतं तसं झालं, आणि पाय ब्रेकवर गेला. मागची चाकं अर्धा हात सरकली. गाडीने मधली पांढरी रेघ ओलांडली. समोर कोणी नव्हतं, गाडी परत आली. झालं, एवढंच. काही घासलं नाही, कोणी हॉर्न मारला नाही, शेजारच्या सीटवरचा डबासुद्धा कलंडला नाही. पुढच्या सिग्नलला बाईंनी गाडी उभी केली तेव्हा सगळं जिथल्या तिथे होतं, फक्त बाई जिथल्या तिथे नव्हत्या.

यात एवढं काय, असं कोणीही म्हणेल. रोज हजार माणसं वळणात ब्रेक दाबतात आणि संध्याकाळी घरी जाऊन निवांत जेवतात. पण बाई ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायच्या. थोडीथोडकी नाहीत, अठ्ठावीस वर्षं. आणि पहिल्या दिवशी पहिलं वाक्य त्यांचं हेच असायचं, की वळणात ब्रेक नाही. जे काय भ्यायचं असेल ते वळणाच्या आधी भिऊन घ्या, वेग आधी उतरवा, आणि एकदा आत शिरलात की गाडीला तिचं काम करू द्या. बँकेतले साहेब, नवी नवरी, दोनदा नापास झालेला कंपाउंडर, सगळ्यांना त्यांनी हेच सांगितलं होतं. कंपाउंडरला जरा मोठ्या आवाजात. स्कूलच्या गाडीत त्या शेजारच्या सीटवर बसायच्या, आणि तिथे त्यांच्या पायाखाली दुसरा ब्रेक होता. शिकणाऱ्याने घोळ घातला की तो दाबायचा. दिवसभर टाच खाली रोवून पंजा त्या ब्रेकवर तरंगत ठेवायचा, हीच त्यांची नोकरी. त्या बाजूच्या रबरी चटईला टाचेच्या जागी भोक पडलं होतं, तीन वेळा चटई बदलली तरी प्रत्येक वेळी तिथेच. दिवसभर दुसऱ्याच्या हातातलं स्टिअरिंग आणि आपल्या पायाखाली फक्त थांबवणं. म्हणून तर ही गाडी होती.

ही गाडी म्हणजे हिरवी, बसकी, दोन दारांची, मागच्या चाकांवर जोर असलेली. तिच्यात चढायचं नसतं, उतरायचं असतं, विहिरीत उतरल्यासारखं, आणि एकदा उतरलात की रस्ता तुमच्या बुडाखाली एक वीत अंतरावरून वाहतो. एकोणीस वर्षांपूर्वी एका दातांच्या डॉक्टरकडून घेतली, त्याची कंबर गेली म्हणून. तेव्हा शेजारणी म्हणाल्या, भाजी कुठे ठेवणार. बाई म्हणाल्या, मांडीवर. घरून स्कूल अकरा किलोमीटर आणि परत अकरा. त्या बावीस किलोमीटरमध्ये बाईंना कोणी बाई म्हणत नव्हतं, आई म्हणत नव्हतं, कोणाची चूक सावरायची नव्हती. आणि त्यात मधोमध टाकीखालचं वळण, लांबलचक, वाटीच्या कडेसारखं. पाटीवर साठ लिहिलेलं, बाई पन्नासने घ्यायच्या, वर्षानुवर्षं, तिसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवर पाय नुसता टेकवलेला. शर्टाचं शेवटचं बटण न बघता लावावं तसं.

त्या दिवसानंतर त्या वळण तीसने घेऊ लागल्या. मागून रिक्षावाले ओव्हरटेक करून जायचे आणि जाताना आत वाकून बघायचे, की या गाडीत बसलंय तरी कोण. बाई समोर बघायच्या. त्यांच्या डोक्यात एकच प्रश्न कुरतडत असायचा, की ती गाडी होती की मी? गाडी असेल तर पाना आहे, गॅरेज आहे, इलाज आहे. मी असेन तर ही चावीही गेली आणि स्कूलमधली सीटही गेली, कारण वळणात घाबरणाऱ्या बाईने दुसऱ्याला वळण काय शिकवायचं. अठ्ठावन्न म्हणजे काही म्हातारपण नव्हे, पण पाय कोणाला विचारून म्हातारा होतो? स्कूलच्या गाडीत बसल्यावर त्या आपल्या पंजाकडे चोरून बघायच्या. दिवसभर दाबतोस, दाबतोस, आता तुला सवयच लागली का रे?

गॅरेजवाला त्यांचाच विद्यार्थी होता. सतरा वर्षांपूर्वी तीनदा नापास झालेला, तिन्ही वेळा त्याच खांबाला. इंजिन उलगडून परत बसवायचा डोळे मिटून, पण स्टिअरिंग हातात आलं की हाताला घाम. आता पन्नाशीला टेकला होता, तरी बाई आल्या की हातातलं काम ठेवून उभा राहायचा. त्याने गाडीच्या मागच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी भार दिला आणि सोडला. गाडी खाली गेली, वर आली, परत खाली, परत वर, चार वेळा डुलली. निरोगी गाडी एकदाच डुलते आणि उभी राहते. शॉकअप मेलेत, म्हणाला, चारही, आणि स्प्रिंगाही बसल्यात. कधीचे, ते देव जाणे. रोजच्या रोज बसणाऱ्याला कळत नाही, बाई, रोज थोडं थोडं मरतं ना.

बाईंना तेव्हा छातीत हलकं वाटलं, आणि त्याच क्षणी त्या हलकेपणाचा रागही आला. कारण तो पुढे म्हणाला की जुन्या मापाचे मऊ शॉकअप टाकून देतो, होती तशी होईल, तुमच्या कमरेला आराम. सगळे असंच बोलायचे हल्ली. होतं तसं राहिलं तरी पुष्कळ. डोळ्यांचा डॉक्टर, विम्याचा माणूस, पायऱ्या चढताना कोपराला हात लावणारे. जसं काही पुढे जायचा रस्ता बंदच झालाय आणि आता मागे किती घसरायचं तेवढं ठरवायचं.

"होती तशी नको," बाई म्हणाल्या. "होती त्याच्यापेक्षा चांगली कर."

त्याने चष्मा काढून पुसला. मग खूप समजावलं. आखूड, कडक स्प्रिंगा टाकल्या तर गाडी बोटभर खाली बसेल, चाकाच्या वर तीन बोटं फट राहील, वळणाला कलणार नाही, रस्त्याला चिकटून राहील. कडक-मऊ करायची चकती असलेले शॉकअप मिळतात. दोन चाकांना जोडणारा खालचा आडवा दांडा जाड टाकता येतो. चाकांचे हात जिथे गाडीला जोडलेत तिथले रबरी बुशही बदलायला झालेत. सगळं होतं. पण बाई, रोजची गाडी आहे. शर्यतीची असती तर रविवारी तासभर हाडं मोडून घेतली असती. तुम्हाला सहाही दिवस खड्ड्यांतून जायचंय. बाई म्हणाल्या, खड्डे मला माहीत आहेत, रोज भेटतात. चकती मधोमध ठेव, आणि बाकी सगळं टाक.

तो हो म्हणाला आणि बाई गेल्यावर त्याने बाईंच्या मुलीला फोन केला. वाईट हेतूने नाही. त्याची कंबर मुलीनेच बरी केली होती. ती फिजिओथेरपिस्ट, दिवसभर लोकांच्या पाठी दाबून त्यांना पुन्हा वाकायला शिकवायची. त्याने काळजीपोटी विचारलं, टाकू का? आणि बोलता बोलता वळणाची गोष्ट सांगितली, जी बाईंनी फक्त त्याला सांगितली होती.

मुलगी संध्याकाळी आली ती चपला न काढताच. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून आईकडे बघत राहिली, पेशंट दारातून आत येतो तेव्हा तो कुठे लंगडतो ते बघावं तसं. भांडण असं झालं नाही. ती हळू आवाजात बोलायची, तिच्या बापासारखी, आणि हळू आवाजाशी भांडता येत नाही. ती म्हणाली की तिच्या ओळखीत उंच सीटची, गिअर नसलेली गाडी आहे, गुडघा वाकवावा लागत नाही. हिरवीला घेणारा माणूसही आहे, नीट ठेवील. मग म्हणाली, "आई, वयाला स्प्रिंग बसवता येत नाही."

"म्हणून गाडीला बसवते," बाई म्हणाल्या आणि गॅस बारीक केला.

मुलीला हसू आलं, ते तिने गिळलं. मग तिने शेवटचं काढलं, जे ती बाबा गेल्यापासून, तीन वर्षं, काढत नव्हती. म्हणाली, बाबासुद्धा घाबरायचे. सोळा वर्षं तुझ्या शेजारी बसून नुसता ब्रेक मारायचे, हिरवीतली चटई बघ जाऊन. तू काय तेव्हाही ऐकलंस?

बाईंना चटई बघायची गरज नव्हती. त्यांचा नवरा टेलर. घरातही त्या त्याला टेलरच म्हणायच्या, आधी चिडवायला आणि मग सवयीने. त्याचं दुकान स्कूलच्या रस्त्यावर होतं, बाई त्याला रोज सोडायच्या. तो आत उतरायचा, गुडघ्यावर कात्रीची पिशवी ठेवायचा, खिडकीबाहेर बघायचा आणि टाकीखालचं वळण आलं की त्याचा उजवा पाय चटईवर हलायला लागायचा. दाब, सोड, दाब, सोड. हळू चालव असं तो कधी म्हणाला नाही, पण पाय बोलायचा. सोळा वर्षांत चटई तिथे पातळ झाली होती. तो गेल्यावर बाईंनी सीटवरचं कापड बदललं, चटई ठेवली. एकदा फार पूर्वी बाई त्याला म्हणाल्या होत्या की जगाला गाडी शिकवते, पण घरच्या माणसाचा विश्वास नाही. टेलर म्हणाला होता, कोण म्हणतं? आणि हसला होता, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वळणावर त्याचा पाय पुन्हा हलला होता. बाईंनी विषय सोडून दिला. पण काही गोष्टी सोडून दिल्या तरी जात नाहीत, उशीच्या अभ्र्यात राहिलेल्या टाचणीसारख्या कधीतरी टोचतातच. म्हणजे यालाही भीती वाटायची तर. जगात एक माणूस असा असावा ज्याचा पाय ब्रेकवर नाही, एवढंच मागणं होतं, आणि तेवढंही नव्हतं.

शेवटी दोघींचं ठरलं. गाडी दुरुस्त होऊ दे. त्यानंतरच्या रविवारी सकाळी मुलगी शेजारी बसेल, बाई वळण घेतील, पन्नासने. पाय ब्रेकवर गेला तर चावी मुलीच्या हातात. नाही गेला तर हा विषय या घरात पुन्हा निघणार नाही. मुलगी म्हणाली, खोटं खेळायचं नाही. बाई म्हणाल्या, मी कोणाची परीक्षा कधी खोटी घेतलीय का?

काम दोन दिवस चाललं. दुसऱ्या दिवशी दुपारी बाई क्लास आटपून गॅरेजात गेल्या तेव्हा गाडी लिफ्टवर वर चढवलेली होती, चारही चाकं लोंबत होती, झाडाला बांधलेल्या झोक्यात पाय सोडून बसलेल्या पोरीसारखी. नव्या स्प्रिंगा काळ्याकुळकुळीत, बुशांना नव्या रबराचा वास. बाई खाली उभ्या राहून वर बघत राहिल्या. एकोणीस वर्षं जिच्या पोटात बसलो तिचं पोट त्या पहिल्यांदा बघत होत्या. त्यांना वाटलं, यात आपला हात लागला पाहिजे. त्या म्हणाल्या, शेवटचे नट मी आवळणार. गॅरेजवाल्याने एकदा लिफ्टकडे बघितलं, एकदा बाईंच्या गुडघ्याकडे, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग लांब दांड्याचा पाना त्यांच्या हातात दिला. बाईंनी उभ्या उभ्या, डोक्यावर हात करून, एकेक नट आवळला. पान्याचा कट्ट आवाज आला की तो हो म्हणायचा. आठ वेळा हो म्हणाला. बाईंच्या दंडात गोळे आले होते, आणि त्यांना इतकं बरं वाटत होतं की त्या त्याच्या तोंडाकडे बघायच्या राहिल्या.

गाडी वाईट झाली. वाईट म्हणजे किती, तर बाई पहिल्या दिवशी स्कूलला पोहोचल्या तेव्हा दाताखाली खडा आल्यावर माणूस थांबतो तशा सीटवर थांबून राहिल्या. रस्त्यावरची खडीन् खडी मोजून सांगत होती. कडक असणार हे माहीत होतं, त्याचं काही नाही. पण हे कडक नव्हतं, हे आखडलेलं होतं. खड्ड्यात चाक गेलं की गाडी खाली जायला बघायची आणि मधेच कोणीतरी दंड धरून ओढल्यासारखी अडायची. जोडांमधून किर्र असा आवाज, नवी चप्पल करते तसा. पहिले दोन दिवस बाईंनी स्वतःची समजूत घातली की नवं आहे, सैलावेल. गुरुवारी सकाळी, वळण रिकामं बघून, त्यांनी पन्नासने आत घातली. गाडी कलली नाही, खरंय. पण मध्यात रस्त्याला एक जुना सांधा होता, त्याच्यावर ती टुणकन उडाली आणि उतरताना एक पाऊल बाहेर पडली, परत उडाली, परत बाहेर. आणि पाय गेला.

या वेळी बाईंना तो जाताना दिसला. सगळं दिसलं, टाच उचलली ती, पंजा डावीकडे सरकला तो, आणि त्यांना काही करता आलं नाही. दिवसभर त्यांनी तीन क्लास घेतले. बँकेतल्या साहेबांना त्या म्हणाल्या, वळणात ब्रेक नाही, आणि त्यांना स्वतःचा आवाज रेकॉर्डवरचा वाटला. म्हणजे मीच. शॉकअप नवे, स्प्रिंगा नव्या, जाड दांडा नवा, आणि जुनी फक्त एकच वस्तू उरली. कंबरही दुखत होती. ती कोणाला सांगायची सोय नव्हती, सांगितलं असतं तर मुलगी धावत आली असती, आणि तिचे हात फार चांगले होते. तेच नको होतं. रविवारची वाट कशाला बघायची, चावी आजच काढून द्यावी, असं संध्याकाळी भांडी घासताना मनात आलं. मग आलं की नाही. द्यायची तर रविवारी, वळणावर हरून. बसल्या जागी नाही. हरायचं तरी आपल्या पायाने.

शुक्रवारी सकाळी निघताना त्यांनी खुंटीवरचा कोट काढला. टेलरने शिवलेला शेवटचा. हात आत घातला, खांदा झटकला आणि हात खाली सोडला, आणि तशाच उभ्या राहिल्या. बाही कुठेही ओढत नव्हती. कधीच ओढली नव्हती. दुकानात गिऱ्हाईक माप द्यायला उभं राहिलं की ते दोन्ही हात पसरून उभं राहायचं, सगळी माणसं तशीच उभी राहतात, कोणी पाखरासारखी, कोणी पोलिसाने धरल्यासारखी. आणि टेलर तोंडातल्या टाचण्यांमधून म्हणायचा, हात खाली सोडा. दिवसभर हात वर करून हिंडणार आहात का? जसे राहणार तसे उभे राहा, मग मी बाही लावतो. हात वर असताना लावली तर कापड वरच्या हाताचं होऊन बसतं, हात खाली आला की काखेत पीळ पडतो. मग गिऱ्हाईक म्हणतं कोट घट्ट झाला. कोट घट्ट नसतो, मालक, कोट पिळलेला असतो.

पिळलेला. बाई तशाच कोट घालून, पायात घरातल्या सपाता, खाली गाडीपाशी गेल्या. वाकल्या, गुडघ्याने नापसंती दाखवली, त्यांनी लक्ष दिलं नाही. चाकाच्या वर, मडगार्डच्या कडेखाली, हात आडवा घातला. गॅरेजवाला म्हणाला होता, तीन बोटं राहतील. चार बोटं सहज गेली. चारही चाकांना चार. गाडी खाली बसलेलीच नव्हती. रबराचे ते आठ बुश, आठही नट, चाकं लोंबत असताना आवळलेले. रबर त्या लोंबत्या स्थितीचं होऊन बसलं होतं, आणि आता गाडीचं वजन त्यांना रोज पिळत होतं आणि ते रोज गाडीला वर ढकलत होते. आणि ते आवळले कोणी? बाईंनी. कट्ट, हो. कट्ट, हो.

शनिवारी दुपारी त्या गॅरेजात गेल्या. गॅरेजवाला हातातलं काम ठेवून उभा राहिला. बाईंनी चार बोटं आडवी धरून दाखवली. तो खाली बघायला लागला. म्हणाला की माहीत होतं. वजन चाकांवर असतानाच आवळायचे असतात, हे त्याला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. पण त्यासाठी गाडी ठोकळ्यांवर उतरवून माणसाला खाली सरपटत जावं लागतं, आणि बाईंना, या वयात, या गुडघ्याने, पुठ्ठ्यावर लोळ म्हणायचं कसं. वाटलं आत्ता हौस करून घेऊ दे, मागाहून सैल करून परत आवळू. मग मागाहून मन होईना. बाईंनी आवळलेला नट. म्हणजे परीक्षा दिल्यावर बाईंचेच मार्क खोडल्यासारखं.

बाईंना राग येत होता आणि नेमका याच्यावर येत नव्हता. हा एकटा कुठे होता? कोपराला हात लावणारे, उंच सीटची गाडी शोधणारे, होतं तसं राहिलं तरी पुष्कळ म्हणणारे, सगळे भले, सगळ्यांनी मिळून त्यांना लिफ्टवर चढवून ठेवलं होतं. वजन अंगावर येऊ नये म्हणून. आणि मग तेच म्हणत होते, बाई आखडल्या.

"चौथ्या परीक्षेच्या आधी मी काय केलं होतं, आठवतं?" त्यांनी विचारलं.

त्याला आठवत होतं. सतरा वर्षं आठवत होतं. "दुसऱ्या ब्रेकवरून पाय काढलात," तो म्हणाला. "सीटवर मांडी घालून बसलात. मला म्हणालात, आता तुझं तू बघ."

"आणि खांब?"

"खांब बाजूने गेला."

"मग पाय काढ आता," बाई म्हणाल्या. "पुठ्ठा आण."

त्याने गाडी चार जाड ठोकळ्यांवर उभी केली, चाकं ठोकळ्यांवर, सगळं वजन चाकांवर. जमिनीवर पुठ्ठा पसरला. बाईंनी टेलरचा कोट काढून खुर्चीवर ठेवला आणि खाली बसल्या, आधी एक गुडघा, मग दुसरा, मग कूस, मग पाठ. गुडघ्यातून कळ आली ती थेट कानापर्यंत. गॅरेजवाल्याचे हात पुढे आले आणि त्याने ते स्वतःच मागे बांधले. आत अंधार आणि ग्रीसचा वास, आणि गाडीचं पोट नाकापासून वीतभर, सगळं वजन वर. बाईंना लहानपणी पलंगाखाली लपायच्या तेव्हाचं सुख आठवलं. फक्त आता त्यांना कोणी शोधत नव्हतं, त्याच काहीतरी शोधत होत्या. त्यांनी पहिला नट सैल केला. बुश फिरला. रबराने हुश्श केलं, खरंच केलं, आणि गाडी केसभर खाली आली. दुसरा. तिसरा. दर वेळी तेच, एकेक पीळ सुटत होता आणि गाडी त्यांच्या तोंडावर केसाकेसाने बसत होती, भरल्या घरात सगळ्यांचं उरकल्यावर एखादी बाई शेवटी पाट ओढून बसते तशी. आठही सुटल्यावर गॅरेजवाल्याने वरून दोन्ही टोकांना भार देऊन तिला दोनदा डुलवलं, ती एकदाच डुलली आणि उभी राहिली. मग बाईंनी आवळायला घेतले. आठ वेळा कट्ट झालं. या वेळी तो एकदाही हो म्हणाला नाही. बाहेर आल्यावर बाईंनी मडगार्डखाली बोटं घातली. तीन. चौथं जात नव्हतं.

त्यांनी घरी जाताना टाकीचा रस्ता घेतला नाही. मुद्दाम लांबून गेल्या. परीक्षा उद्या होती, आदल्या दिवशी पेपर बघायचा नसतो.

रविवारी मुलगी आली तेव्हा तिच्या हातात खाऊचा डबा होता, आजारी माणसाकडे जाताना नेतात तसा. बाईंनी तो मागे ठेवायला लावला. गाडीत उतरताना मुलीलाच जास्त कष्ट पडले. सकाळी रस्ता मोकळा होता. मुलगी बोलत होती, दवाखान्याबद्दल, कोणत्या तरी पेशंटबद्दल, आणि टाकी दिसायला लागली तशी बोलायची थांबली. बाईंनी वेग आधीच बसवला. पन्नास. तिसरा गिअर. त्यांना पायाची आठवण झाली आणि त्यांनी ती होऊ दिली. जे भ्यायचं ते आत्ता भिऊन घे, त्या पायाला म्हणाल्या, अजून शंभर हात आहेत.

मग वळण आलं. बाईंनी स्टिअरिंग दिलं, गाडी एकदा कलली, थोडीशी, आणि तिथेच राहिली. खांद्यावरचं ओझं एकदा सारखं करून हमाल चालायला लागतो तशी. बाहेरच्या दोन चाकांनी भार घेतला, तो बाईंना मांडीत कळला, कमरेत कळला, आणि तो भार होता म्हणूनच चाकं चिकटली होती हेही कळलं, अठ्ठावीस वर्षं तोंडाने सांगितलेलं अंगाला आत्ता कळलं. सांधा आला. गाडीने तो गिळला, खाली गेली, वर आली, उभी राहिली. पाय ॲक्सिलरेटरवर होता. तो कुठेही गेला नव्हता. त्याला कुठे जायचंच नव्हतं. शेजारी धप्प असा आवाज झाला आणि वळण संपलं.

पुढे रुंद जागा बघून बाईंनी गाडी कडेला घेतली. मुलगी म्हणाली, दाबला नाहीस. मग म्हणाली, मी बघत होते, नाही दाबलास. बाई म्हणाल्या, मी नाही, तू दाबलास. दोघींनी खाली बघितलं. मुलीचा पाय चटईवर गच्च रोवलेला होता, टाच घट्ट, पंजा पुढे दाबलेला, बोटं पांढरी पडलेली. ब्रेक मारणारा पाय असाच असतो. बाईंचा स्कूलच्या गाडीत रोज असाच असतो, म्हणून तिथली चटई एकाच जागी फाटते, टाचेला. मुलीने पाय उचलला. आणि तिच्या पायाखाली टेलरची जागा दिसली. बाईंनी ती हजारदा बघितली होती, पण या डोळ्यांनी नाही. तिथे झीज दोन जागी होती. एक पंजाची, एक टाचेची. सारखी पातळ, सारखी गोल.

टाच रोवून कोणी दोन जागी झिजवत नाही. पंजा दाब, टाच दाब, पंजा, टाच. बाईंना दुकान ऐकू आलं, मागच्या बाजूची खिडकी, पट्ट्याचा आवाज, लांब सरळ शिवण असली की टेलर मान एका बाजूला करायचा, ओठात गाणं, आणि पायाखालची ती लोखंडी जाळीची पायटी पुढे-मागे, पुढे-मागे, जितकी शिवण लांब आणि मोकळी तितका पाय वेगात. वळणावर तो खिडकीबाहेर बघायचा. घाबरलेला माणूस समोर बघतो.

"तुझे बाबा ब्रेक मारत नव्हते," बाई म्हणाल्या. "मशीन चालवत होते."

मुलीने वाकून त्या दोन गोलांना हात लावला, पेशंटच्या पाठीला लावते तसा, आधी एकाला मग दुसऱ्याला.  नाक ओढलं. बाईंनी तिला थोडा वेळ दिला, फार नाही. मग म्हणाल्या, पाय वर घे, मांडी घालून बस. मुलीने विचारलं, का. बाई म्हणाल्या, त्यांना जागा कर. मुलीने चपला काढल्या, त्या बसक्या सीटवर गुडघे कसेबसे जुळवून मांडी घातली, आणि खाऊचा डबा मागून काढून मांडीवर घेतला. आई, पन्नास पुरे हं, ती म्हणाली. विषय संपलाय, पण पन्नास पुरे.

बाईंनी आरशात बघितलं, गाडी वळवली, आणि पुन्हा टाकीकडे निघाल्या. पाटीवर साठ लिहिलं होतं, आणि पाटी वाचायला त्यांनीच जगाला शिकवलं होतं.